साडूचा गणपती

आषाढ लागला की आमच्या कारखान्यात माझी पाळी येते. तोवर मला कोणी विचारत नाही. साचे भरणारे, घासणारे, फवाऱ्याने अंगाचा रंग मारणारे यांचा तो काळ असतो. मग एका सकाळी भिंतीलगतच्या फळ्यांवर दीड-दोनशे गणपती ओळीने बसलेले दिसतात. सोंड, हार, पितांबर, सगळं झालेलं, फक्त डोळ्यांच्या जागी पांढरे डाग. शेठ म्हणतात, "बसा भाऊ आता." मी चष्मा पुसतो, शून्य नंबरचा ब्रश ओठांत धरून त्याचं टोक काढतो आणि बसतो. डोळे काढायच्या या कामाला पेणमध्ये आखणी म्हणतात. गेली तेवीस वर्षं मी हेच करतोय.

काल पुन्हा बसलो. बाहेर पाऊस, आत ओल्या प्लास्टरचा आणि गोंदाचा वास, मूर्ती सुकवायला लावलेल्या हॅलोजनची पाठीवर येणारी ऊब. पहिला डोळा काढला आणि प्रमोद आठवला. गेली तीन वर्षं हे असंच होतंय. आखणी सुरू झाली की मला माझ्या साडूची आठवण येते आणि पोटात एक जुनी कळ उठते. तिला मी बरीच वर्षं वेगवेगळी नावं दिली. तिचं खरं नाव हेवा.

पेणला कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच. रोह्याजवळ धाटावला जे आहे, नळ्या, टाक्या आणि नाकात जाणारा आंबूस वास, त्याला कंपनी म्हणायचं. कारखान्यातला माणूस हंगामापुरता, कंपनीतला बारा महिन्यांचा. हा फरक माझ्या घरात प्रमोदच्या पायांनी आला. प्रमोद म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, सुलूचा नवरा. लग्न झालं तेव्हा तो धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता आणि माझ्याकडे कलाकार म्हणून बघायचा. दोन वर्षांत तो पर्मनंट झाला आणि माझ्याकडे भाऊ म्हणून बघायला लागला. यात बिघडलं काहीच नव्हतं. मला मात्र ते लागलं.

सख्खा भाऊ पुढे गेला तर निदान अभिमान वाटल्याचं सोंग करता येतं. साडू पुढे गेला तर एकाच सासऱ्याच्या अंगणात दोन जावई शेजारी शेजारी जेवायला बसलेले असतात आणि सासूच्या हातातली तुपाची वाटी कुणाच्या पानावर जास्त वेळ थांबते ते अख्ख्या पंगतीला दिसतं. मला तर ते मान खाली घालूनही दिसायचं.

मला त्याच्या युनिफॉर्मचा हेवा वाटायचा. खिशावर दोऱ्याने विणलेलं नाव होतं. मी हजारो गणपतींचे डोळे काढले, माझं नाव एकावरही नाही. मला त्याच्या जड बुटांचा हेवा वाटायचा, पहाटे नाक्यावर येऊन फक्त त्याच्यासाठी थांबणाऱ्या कंपनीच्या बसचा वाटायचा, दिवाळीत मिळणाऱ्या मिठाईच्या खोक्याचा वाटायचा. त्याच्या थकण्याचासुद्धा वाटायचा. त्याचा थकवा शिफ्ट सुटली की सुटायचा. माझा हंगामात उतू जायचा आणि अनंतचतुर्दशीनंतर चार-पाच महिने घरात बसून राहायचा, तोच जास्त दमवायचा. रिकाम्या हातांना काय कमी दुखतं?

मग त्याच्या घरात वस्तू यायला लागल्या. आधी मोटरसायकल, मग दोन दारांचा फ्रीज, मग भिंतीएवढा टीव्ही, मग एसी. रोह्यात पावसाळ्याचे चार महिने गोधडी घेऊन झोपायची पाळी येते, तिथे एसी. सगळं हप्त्यांवर. सुलू मोकळेपणाने सांगायची, "अवो भावोजी, एक हप्ता सरला का दुकानवाला आपूनच फोन करतो, वैनी, अजून काय पायजे?" माझी बायको शकू हे ऐकून घरी आली की माठातलं पाणी काढताना भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा.

मीही एकदा दुकानात गेलो होतो, साध्या एका दाराच्या फ्रीजसाठी. तिथली मुलगी गोड बोलली, पाणी दिलं आणि पगाराची पावती मागितली. मी म्हटलं, मी गणपतीचे डोळे काढतो. तिने नमस्कार केला. खरोखर हात जोडले. आणि मग सांगितलं की काका, तुमचं नाही होणार. त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून प्रमोदच्या कर्जाचा हेवा केला. माणूस दुसऱ्याच्या मिळकतीवर जळतो हे ऐकलं होतं. दुसऱ्याच्या देण्यावरही जळता येतं हे मला तिथे कळलं.

आमच्या बाजूला गणपतीचा पाट आधी कारखान्यात नेऊन देतात. पाट घरचा, त्यावर बसेल एवढी मूर्ती कारखान्याची. प्रमोदचा पाट दर आषाढात यायचा आणि दरवर्षी तो गेल्या वर्षीपेक्षा रुंद असायचा. पहिल्या वर्षी वीतभर होता. मग फूट, मग दीड फूट, शेवटी दोन फुटी मूर्ती. आमच्याकडे एक समज आहे, की गणपती वाढवला तर वाढवावा, पण एकदा वाढवला की कमी करू नये. कोणी सांगितलं, का सांगितलं, ठाऊक नाही. पण लोक पाळतात. पगार थांबला तरी गणपती वाढतो आणि हप्तेही त्याच्याबरोबर वाढतात.

पाट घेऊन आला की तो तासभर माझ्या बाजूला बसायचा आणि आमची जुंपायची. कारखान्यात काम करताना हात अडकलेले, कान मोकळे, त्यामुळे वादाला ऐकणारे भरपूर. मी पेपर वाचणारा माणूस. भांडवलशाही हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. तो उच्चारला की मी प्रमोदपेक्षा उंच होतो असं वाटायचं.

"साडूभाऊ, भांडवलदार भांडवलदार काय करताव?" प्रमोद म्हणायचा. "त्यानं कंपनी काढली म्हून माझी चूल पेटते ना?"

"चूल तुझी, लाकडं तुझी, नि जाळ त्याचा व्हय?" मी ब्रश न उचलता म्हणायचो. "पाच वर्षांत पगार किती वाढला तुझा?"

"करार व्हायचा हाय अजून."

"आणि फ्रीज केवढा वाढला?"

लोक हसायचे. मग तो शांतपणे चहाचा कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "माझा पगार नाय वाढला, खरं हाय. पन तुमचा वाढला काय? तुमचा शेठ काय समाजवादी हाय?"

यावर लोक जास्त हसायचे, आणि शेठ आत असले तर हळू हसायचे. मी पुढच्या मूर्तीकडे वळायचो. वादात मी जे बोलायचो ते सगळं बरोबर होतं, आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पगार थिजलेले, वस्तू वाढत्या, मधली फट कर्जाने बुजवलेली, आणि त्या भिंतीला टेकून माणूस निवांत झोपलेला. हे मला स्वच्छ दिसत होतं. फक्त ते दिसायचं कारण वेगळं होतं. त्याचा फ्रीज माझ्या घरी असता तर भांडवलशाहीवर मी इतका विचार केला नसता.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात पाट घेऊन प्रमोद आला नाही. सुलू आली, एकटी, रोह्याहून गाडीने. निडी स्टेशनपासून उभी होते म्हणाली. तिने पिशवीतून पाट काढला आणि माझ्या हातात न देता मांडीवरच ठेवला. पाट लहान होता. सव्वा फुटाच्या वर मूर्ती बसणार नाही इतका लहान.

"प्लँट बंद केलाय," ती म्हणाली. "चाळीस जनांना सांगितलं, आता कंत्राटदाराकडून या, नायतर सही करा आनि हिशेब घ्या. कुनीच सही नाय केली. चाळीस जन नारळावर हात ठिवून बोललेत, सही करायची नाय."

"आणि प्रमोद?"

"तो पन बोललाय ना. त्याच चाळिसातला." मग तिने आवाज खाली केला. "भावोजी, गल्लीत सगळे बघतील. दोन फुटाचा सव्वा फूट झाला तर काय तोंड दाखवू? एसी गेला ते कुनाला बाहेरून दिसत नाय. गनपती दिसतो. तुमी कायतरी करा."

एसी गेला हे मला तेव्हा कळलं. आणि आता जे सांगतो ते सांगायला नको वाटतं, पण हा लेख त्याचाच आहे. माझ्या छातीत पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. ऊन पडल्यावर अंगणात बसतो तेव्हा जसं वाटतं तसं काहीतरी ऊबदार आलं. मी सुलूला चहा पाजला, बटाटावडा आणवला, तिला स्टेशनवर सोडलं. परत येताना मी शीळ घालत होतो हे चौकात आल्यावर माझ्या लक्षात आलं.

दोन दिवस मी त्या पाटावर बसेल असा एक लहान गणपती समोर ठेवून बसलो. त्याच्या घरची लाज माझ्या ब्रशाच्या टोकावर होती. लहान मूर्तीला आम्ही डोळे मोठे काढतो, कारण लहान मूर्ती माणूस जवळून, मांडीवरच्या पोराकडे बघावं तशी बघतो. मोठ्या मूर्तीचे डोळे चेहऱ्याच्या मानाने बारीक असतात आणि नजर खाली उतरती असते, कारण तिच्याकडे मान वर करून बघायचं असतं. हे उलटवता येतं. लहान मूर्तीला बारीक, अर्धमिटले, खाली बघणारे डोळे काढले तर चार पावलांवरून ती मोठी वाटते. तोवरच्या वीस वर्षांत मी ही युक्ती कुणाला सांगितली नव्हती. आमच्यात असं काही हाताला लागलं की माणूस ते आपल्यापाशीच ठेवतो.

नेहमीसारखे टपोरे डोळे काढले असते तर कोणी मला नाव ठेवलं नसतं. मूर्ती लहान ती लहानच दिसली असती आणि रोह्याच्या त्या गल्लीने माझ्या साडूकडे बघितलं असतं. मला ते हवंही होतं. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटलं, नुसतं बघत बसण्यापेक्षा उपकार करावा. त्यात जास्त गोडी आहे. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याखाली आणि मी त्याच्यावर, आणि हे दोघांना ठाऊक. लोक समजतात हेवा फक्त वाईटच करायला लावतो. चांगलं करायलाही तो तितकाच हौसेने बसवतो.

तर मी बसलो. समोरच्या गणपतीच्या जागी उंच मुकुटाची, बारीक अंगाची मूर्ती शेठकडून मागून घेतली. डोळे काढले, आणि माझ्या हातून इतके चांगले डोळे पुन्हा झाले नाहीत. सुलूला निरोप दिला, मखर उंच कर, पुढे सतरंजी आणि दोन समया ठेव, म्हणजे माणूस दारातूनच नमस्कार करील. न्यायला प्रमोद आला. चार पावलं मागे जाऊन त्याने बघितलं. मग म्हणाला, "साडूभाऊ, हे तुमचं मी इसरनार नाय." मी हात झटकल्यासारखा केला. घरी जाऊन शकूला तीनदा सांगितलं तो काय म्हणाला ते.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रोह्याला गेलो. जाताना मी नवा शर्ट घातला. आपलं काम बघायला जायचं होतं.

गल्ली छोटी आहे, दोन्ही बाजूंना एकाला एक लागून घरं, बहुतेक सगळी त्याच कंपनीतली. दारं उघडी, मखरं दारातून दिसणारी. पहिल्या घरात डोकावलो तर गणपती दीड फुटाचा. दुसऱ्या घरातही तेवढाच. तिसऱ्यात त्याहून थोडा बारका. माझी नजर या कामात मुरलेली आहे, दारातूनच उंची कळते. गेल्या वर्षी याच घरांत दोन-दोन, अडीच फुटांचे होते. प्रत्येकाने आपापला, कुणाला न सांगता, लाजत लाजत कमी केला होता. आणि गल्लीच्या मध्यावर प्रमोदच्या घरात, उंच मखरात, समयांच्या मागे, माझा गणपती बसला होता. दोन फुटांचा वाटत होता. त्या अख्ख्या गल्लीत एकटाच मोठा.

सुलू दारात आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मोदकांचं ताट झाकलेलं, तसंच भरलेलं.

"काय गो, कुनी आलं नाय?" शकूने विचारलं.

"नाय गो. काल पन नाय. आरतीचं टोळकं दारावरून पुढं गेलं."

प्रमोद आतल्या खोलीत पलंगावर बसून होता. मी विचारलं तर म्हणाला, "मला काय म्हाईत. कुनी बोलंल तर कळंल ना."

दिवेलागणीला पुन्हा टाळ वाजले. आमच्याकडे गल्लीची आरती घराघरांतून फिरते, एका घरची झाली की पुढच्या. टोळकं शेजारच्या घरातून निघालं, प्रमोदच्या पायरीपाशी आलं आणि न थांबता पुढे चाललं. मी ओटीवरच उभा होतो. पुढे काशिनाथ होता, त्यांच्या प्लँटवरचा सगळ्यात जुना माणूस, चाळीस जणांचा पुढारी म्हणा. मी त्याला हाक मारली.

"काशिनाथमामा, हे घर राहिलं."

तो थांबला. माझ्याकडे नाही, माझ्या मागे दारातून आत बघितलं. "ज्याचा गनपती अजून दोन फुटाचा हाय त्याला आमची आरती कशाला?" तो म्हणाला. "आमी सगळ्यांनी देवाला बसवला तो बारका करून बसवला. घरात नाय म्हून. याच्या घरात कुठून आलं? सही केल्याबिगर कुनाच्या घरात कंपनीचा पैसा येत नाय."

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. मला वाटलं होतं सगळी गल्ली माझ्यासारखी बघत असेल, कुणाचं काय कमी झालं ते. गल्ली बघत होती कुणाचं कमी झालं नाही ते. कमी झालेल्यांना एकमेकांची लाज वाटायची केव्हाच थांबली होती. मी माझ्या डोळ्यांनी त्यांच्यासाठी गणपती बनवला आणि त्याने माझ्या साडूला फितूर ठरवलं. दोन दिवस तो आत पलंगावर बसला होता आणि बाहेर त्याचे चाळीस जण त्याच्या दारावरून जात होते. त्याच्याकडे उरलेलं तेवढंच होतं, ते चाळीस. तेही मी घालवत होतो.

मी म्हटलं, "मामा, आत या. लांबून बघू नका."

"नाय येत."

"गणपती सव्वा फुटाचा हाय. डोळे मी काढलेत. लांबून मोठा वाटंल असे काढलेत."

टाळ थांबले. मागून कोणीतरी हसलं, चेष्टेचं. मी पुढे बोलत राहिलो, काय बोललो ते नीट आठवत नाही. बारीक डोळा, उतरती नजर, उंच मुकुट, समया. जी युक्ती वीस वर्षं पोटात ठेवली ती भर रस्त्यात, टाळ-झांजा घेतलेल्या वीस माणसांसमोर सगळी सांगितली. शकू माझ्याकडे बघत होती. हेही सांगितलं की सुलू पेणला आली होती, पाट घेऊन, गल्लीला तोंड कसं दाखवू म्हणून. ते सांगायला नको होतं. पण तेच सांगायला हवं होतं. सुलू दारातून आत गेली.

काशिनाथ चपला काढून पायरी चढला. समया त्याने स्वतःच बाजूला केल्या. सतरंजी ओलांडली, मखराच्या अगदी जवळ गेला आणि खाली बसला. मग त्याने मान वळवली.

"अरं, हा तर आमच्यापेक्षा बारका हाय."

एकेक जण आत आला. एवढीशी खोली, माणसांनी भरली. प्रत्येक जण वाकून जवळून बघायचा आणि मागच्याला सांगायचा, बारका हाय रं, खरंच बारका हाय. असा आनंद मी कुठल्या मोठ्या गणपतीसमोर बघितला नाही. प्रमोद आतल्या दारात येऊन उभा राहिला. काशिनाथने त्याला बघितलं आणि एकदम आवाज चढवला, "तू बोलला का नाय रं? दोन दिस तोंड शिवून बसला?"

"तुमी इचारलं कुठं?" प्रमोद म्हणाला.

आरती झाली. मोदक पुरले नाहीत, मग सुलूने साखर वाटली. नंतर सगळे रस्त्यातच खुर्च्या टाकून बसले, कोर्टाची तारीख, वकिलाची फी, कुणाच्या पोरीचं कॉलेज, कुणाला कोलाडला काम मिळतंय, सगळं एकमेकांना सांगत. कुणाच्या घरी काय उरलंय आणि काय नाही, कुणी लपवत नव्हतं. प्रमोद मध्ये बसला होता. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात बोलण्याच्या नादात तसाच राहून गेला होता. मी ओटीवर, भिंतीला टेकून. मला कोणी काही बोललं नाही, उलट एकाने चहा आणून दिला. पण मला त्या खुर्च्यांत जागा नव्हती आणि ती असायचं कारणही नव्हतं.

आणि तिथे, नोकरी गेलेल्या, हप्ते थकलेल्या, उद्याची खात्री नसलेल्या त्या माणसांकडे बघताना मला पुन्हा हेवा वाटला. फ्रीजचा वाटला होता त्याहून कितीतरी जास्त. तो हप्त्यावर मिळणारा नव्हता. परतीच्या गाडीत शकूने विचारलं, गप का? मी म्हटलं, दमलो. खोटं होतं.

त्याला तीन वर्षं झाली. खटला चालू आहे, तारखा पडतात. प्रमोद कोलाडला हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसतो. सही त्याने अजून केलेली नाही. चाळिसातल्या सहा जणांनी केली, त्यांना कोणी वाईट बोलत नाही. आमच्यात आता वाद होत नाहीत. भांडवलशाही हा शब्द मी बऱ्याच दिवसांत उच्चारलेला नाही, कारण तो उच्चारला की मला माझ्या शेजारची जागा दिसते.

त्या जागेवर सुधाकर बसतो. तोही आखणीच करतो. गेली अकरा वर्षं आमचे गुडघे एकमेकांना लागतात. त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं मला ठाऊक आहे, त्याला डाळ कशी आवडते ते ठाऊक आहे. त्याला एका मूर्तीच्या डोळ्यांचे किती मिळतात ते कालपर्यंत ठाऊक नव्हतं. पहिल्या हंगामात शेठने मला आत बोलावून सांगितलं होतं, भाऊ, तुम्हाला जास्त देतोय, बाकीच्यांना बोलू नका. मी बोललो नाही. पुढे दर वाढला नाही तरी बोललो नाही. कुणापेक्षा तरी मला जास्त आहे, एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली आणि ते खरं आहे का हे विचारायची भीती वाटली.

काल दुपारी चहाच्या वेळी शेठ गोदामात गेले होते. सुधाकर ब्रश धूत होता. मी विचारलं, "तुला एका गणपतीच्या डोळ्यांचे किती देतात रं?"

त्याने आधी गोदामाच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "का वो भाऊ?"

"असंच. विचारतोय."

तो ब्रश पुसत राहिला. पुसून कोरडा झाला तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "शेठ बोलले व्हते, कुनाला सांगू नको. तुला जास्त देतोय म्हनाले."

आणि त्याने आकडा सांगितला. माझ्यापेक्षा कमी होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा आनंदच झाला, तोच ऊबदार, सुलूच्या दिवशीसारखा, आणि मी तो अंगभर फिरू दिला. तो ओसरायला थोडा वेळ लागला. सुधाकर माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

मग मी त्याला माझा आकडा सांगितला.